दिल्ली विद्यापीठात ऑनर्सला ॲडमिशन कशी घ्यायची: गावाकडच्या, तांड्यावरच्या पोट्ट्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की मला फोन येणं सुरू होते. ताई, दिल्लीत ऑनर्सला नंबर लागते का, किती टक्के पाहिजे. तर पहिलेच सांगून टाकते, टक्क्यांवर आता काही नाही. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाची ॲडमिशन सीयूईटी या परीक्षेच्या मार्कांवर होते, बारावी फक्त पास पाहिजे, आणि दोघांचे मार्क सारखे आले तरच बारावीचे तीन बेस्ट विषय पाहतात. आणि निकालानंतर फोन करून उपयोग नाही, सीयूईटीचा फॉर्म त्याच्या कितीतरी आधी बंद झालेला असते. हे सगळं बारावीच्या हिवाळ्यात सुरू करायचं काम आहे, तूर शेंगेवर असते तेव्हा.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. माझी स्वतःची ॲडमिशन एकदा हातात येऊन गेली, दुसऱ्या वर्षी झाली, आणि तेव्हापासून दरवर्षी आमच्या भागातल्या पोट्ट्यांचे फॉर्म भरते. त्यात जे पाहिलं तेच लिहिते. यूट्यूबवर टॉपरचे व्हिडिओ खूप आहेत पण ते शहरातल्या लेकरांचे आहेत, त्यांना तलाठी कुठं सापडते हे माहीत असायची गरज नसते.

ऑनर्स म्हणजे काय ते दोन वाक्यात. बीए प्रोग्रामला विषय वाटलेले असतात, ऑनर्सला एकच मुख्य विषय खोलात शिकायचा, सोबत थोडे बाहेरचे पेपर. २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात दर सेमिस्टरला २२ क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप) आहेत, तीन वर्षांनी डिग्री घेऊन निघता येते, चौथं वर्ष केलं तर १७६ क्रेडिट होतात आणि त्यात संशोधनाचं काम करता येते. चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असले तर यूजीसीच्या नियमानं एमए न करता थेट पीएचडीसाठी अर्ज करता येते, राखीव प्रवर्गाला त्यात ५ टक्के सूट आहे. ज्याला प्राध्यापक व्हायचं आहे त्यानं हे डोक्यात ठेवून जावं.

सीयूईटीचा फॉर्म

फॉर्म भरणं सोपं आहे, मोबाईलवरही होते. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच टाका. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी, त्यावरून घोळ होते, म्हणून आधार आधीच दुरुस्त करून घ्या.

विषय निवडताना मात्र थांबा. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येकाचा एक तासाचा पेपर, ५० प्रश्न, बरोबरला ५ मार्क आणि चुकीला १ मार्क कट. बहुतेक बीए ऑनर्सला एक भाषा आणि तीन विषय, नाहीतर दोन भाषा आणि दोन विषय असे चार पेपर धरतात, म्हणजे १००० पैकी मार्क. आता फसवणारी गोष्ट ही की परीक्षा घेणारी एनटीए तुम्हाला कोणताही विषय घेऊ देते, बारावीला असो नसो, पण दिल्ली विद्यापीठ बारावीला शिकलेलाच विषय धरते. मागच्या वर्षी एका पोरानं सोपा म्हणते म्हणून बारावीला नसलेला विषय घेतला, पेपर छान गेला, मार्क दिसले, आणि ते मार्क दिल्लीसाठी शून्य कामाचे. तुमच्याकडं बारावीला सहकार असंल तर त्याचा सीयूईटीत पेपरच नाही, मग मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा घ्या, सोबत इतिहास, राज्यशास्त्र. मराठी ही सीयूईटीच्या तेरा भाषांत आहे, लाजू नका, ज्या भाषेत मार्क पडतात ती घ्या. अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतेच, इंग्लिश ऑनर्सला इंग्रजीचा पेपर लागतेच. त्या वर्षीचं विद्यापीठाचं बुलेटिन उघडून आपल्या कोर्ससमोर काय लिहिलं आहे ते स्वतः वाचा, मी सांगितलं म्हणूनही ठेवू नका.

अभ्यासाबद्दल एकच. पेपर मराठीतून देता येते पण प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकातून येतात, आणि आपल्या बोर्डाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक आणि एनसीईआरटीचं पुस्तक यात जमीन अस्मानाचा फरक आहे. एनसीईआरटी मराठीत नाही, हिंदीत आहे, फुकट पीडीएफ आहे, ते वाचा. बोर्डाचं पाठ करून जाल तर हॉलमध्ये बसल्यावर वाटते आपण हे कधी शिकलोच नाही.

सर्टिफिकेट, जिथं माझं वर्ष गेलं

आमच्याकडच्या बहुतेक पोट्ट्यांची सीट परीक्षेत नाही, कागदात जाते. म्हणून हे हळूहळू वाचा, आणि तुमच्या बापाला, भावालाही वाचून दाखवा, कारण चकरा त्यांनाच मारायच्या आहेत.

आम्ही बंजारा. महाराष्ट्रात आमचं सर्टिफिकेट विमुक्त जाती अ चं. केंद्रात व्हीजे, एनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असा प्रवर्गच नाही, तिथं बंजारा ओबीसीत आहे, धनगरही ओबीसीत. हे मला माहीत होतं, मी फॉर्मात ओबीसी बरोबर भरलं. पण अपलोड काय केलं, तर घरात होतं ते राज्याचं जातीचं सर्टिफिकेट आणि नॉन क्रिमीलेअर. सेतू केंद्रावरच्या माणसानं छातीठोक सांगितलं होतं की हेच चालते, नॉन क्रिमीलेअर तीन वर्षांचं आहे, कायले पुन्हा खर्च करता. मला इतिहास ऑनर्सची सीट लागली, ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या तोंडावर, याडीनं, म्हणजे आईनं, सगळ्या तांड्याला सांगून टाकलं. कॉलेजनं कागद पाहिले आणि ऑनलाइन क्वेरी टाकली: सेंट्रल फॉर्मॅटचं ओबीसी एनसीएल, म्हणजे नॉन क्रिमीलेअर, द्या. मुदत हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यात सुट्या, एसडीओ ऑफिस बंद. सीट गेली. ते वर्ष मी तालुक्याच्या कॉलेजात काढलं आणि २०२३ ला पुन्हा परीक्षा दिली. बाबा तेव्हा काहीच बोलले नाही, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

तर आता नीट ऐका. केंद्राचं ओबीसी सर्टिफिकेट हा वेगळा कागद आहे. तो इंग्रजीत असते, वर 'अंडर द गव्हर्नमेंट ऑफ इंडिया' असं येते, आणि खाली क्रिमीलेअरच्या परिच्छेदात ८ सप्टेंबर १९९३ च्या ऑफिस मेमोरँडमचा उल्लेख असते. हातात कागद आला की पहिले ती तारीख शोधा, दिसली नाही तर काउंटर सोडू नका. जातवैधता असली म्हणजे झालं असं पुष्कळ जण समजतात, नाही होत, व्हॅलिडिटी चांगली गोष्ट आहे पण ती या कागदाची जागा घेत नाही.

दुसरं, तारीख. दिल्ली विद्यापीठाला ओबीसी एनसीएल त्या वर्षीच्या ३१ मार्चला किंवा त्यानंतर काढलेलंच लागते. तुमचं राज्याचं नॉन क्रिमीलेअर २०२८ पर्यंत असो, तिथं त्याला अर्थ नाही. म्हणजे जानेवारीत घाईनं काढून ठेवलं तर वाया, आणि जूनमध्ये जाग आली तर उशीर. काढायचं एप्रिलात.

पण एप्रिलात सुरुवात करायची नाही, एप्रिलात अर्ज टाकायचा. फेब्रुवारी मार्चात जुने कागद गोळा करा: स्वतःची आणि बापाची टीसी, जातीचं मूळ सर्टिफिकेट, रहिवासी, रेशन कार्ड. ज्यांच्याकडं जातीचं सर्टिफिकेटच नाही त्यांनी तर दिवाळीपासूनच लागा, कारण पुरावा लागते तो ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजे एनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकाची नक्कल काढत बसा. मग १ एप्रिल उजाडला की तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, त्यावर तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, आणि तो लावून सेंट्रलचा अर्ज. मार्चात काढलेला दाखला ३१ मार्चला संपते, तो धरून बसू नका. आणि तलाठी एप्रिलात अवकाळीच्या पंचनाम्यात फिरत असते, म्हणून त्याच्या साज्यावर आधी फोन करून जा, नाहीतर पंचवीस किलोमीटर फुकट.

सेतूवर अर्ज टाकताना तोंडानं 'सेंट्रल' म्हणून भागत नाही, ऑपरेटर सवयीनं राज्याचंच टाकते, स्क्रीनवर स्वतः पाहा, प्रिंट घेऊन सही करा. पावती जपून ठेवा, तिच्यावर कागद मिळायची तारीख असते. ती तारीख गेली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपील करता येते, आणि अपील करतो म्हटलं की पुष्कळदा फाईल हलते. दलालाला पैसे देऊ नका. खरंच नका देऊ, मी दिलेल्यांचे कागद पाहिले आहेत, राज्याचाच कागद पुन्हा छापून हातात दिलेला.

जातीचं नाव केंद्राच्या यादीत कसं लिहिलं आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर महाराष्ट्राच्या यादीत पाहा आणि सर्टिफिकेटवर तसंच स्पेलिंग आलं का बघा. कुणबी, माळी, तेली यांनाही हेच लागू, तुम्ही राज्यातही ओबीसी आणि केंद्रातही ओबीसी म्हणून निर्धास्त राहता आणि नेमके त्यातच फसता. उत्पन्नाचं म्हणाल तर मर्यादा ८ लाख आहे पण केंद्राच्या नियमात त्या ८ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत, हे सांगायला तयार राहा कारण काउंटरवर सगळ्यांना माहीत नसते.

ईडब्ल्यूएसवाल्यांसाठी, म्हणजे ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांसाठी, वेगळा इशारा. त्यांचंही सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यात आणि ३१ मार्चनंतरचं पाहिजे. आणि कुटुंबाकडं ५ एकर किंवा जास्त शेती असली तर बसत नाही, मग ती कोरडवाहू असो, त्यात पराटी वाळून जाओ, उत्पन्न लाखाच्या आत असो. हा नियम आपल्या भागासाठी अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण नियम आहे, तेव्हा सातबारा आधी पाहा आणि मगच तो रकाना भरा. राज्याचं एसईबीसी (मराठा आरक्षणाचं) दिल्लीत चालत नाही. एससी, एसटीच्या पोट्ट्यांना दरवर्षी नवा कागद काढायची भानगड नाही, फक्त नाव आणि स्पेलिंग मार्कशीटशी जुळवा.

सीएसएएस पोर्टल

सीयूईटी दिली म्हणजे दिल्लीचा अर्ज झाला असं नाही. विद्यापीठाचं सीएसएएस पोर्टल वेगळं आहे, तिथं पुन्हा नोंदणी करायची, फी ओपन, ओबीसी, ईडब्ल्यूएसला २५० रुपये, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १०० रुपये. सीयूईटीचा निकाल लागला की दुसरा टप्पा उघडते, त्यात कोर्स आणि कॉलेजच्या पसंत्या टाकायच्या. इथं कंजूषी करू नका. आमच्याकडचे पोट्टे आठ दहा नावाजलेली कॉलेजं टाकतात आणि थांबतात. शंभर टाकता येत असतील तर शंभर टाका, खालच्या पसंत्या टाकल्यानं वरच्याचा चान्स कमी होत नाही. फक्त क्रम मनापासून लावा. माझं मत, कॉलेजपेक्षा विषय आधी ठेवा, नको असलेल्या विषयात चार वर्षं काढणं जड जाते.

सीट लागली की दिलेल्या मुदतीत 'ॲक्सेप्ट' दाबायचंच, आवडली नाही तरी. पहिल्या यादीत नको होतं म्हणून सोडून दिलं तर पुढच्या यादीतूनही बाहेर होता. ॲक्सेप्ट करा, कॉलेजनं कागद मान्य केले की फी भरा, आणि मग 'अपग्रेड' ठेवा, वरची पसंती मिळाली तर आपोआप सरकता. पण सरकल्यावर जुनी सीट परत मिळत नाही, म्हणून खरंच जे पाहिजे तेच वर ठेवलं आहे ना हे आधी पाहून घ्या. जे मिळालं तेच पाहिजे असंल तर 'फ्रीझ'.

सीटच्या याद्या लागतात त्या आठवड्यात घरी नेटवर्क नसंल तर तालुक्याला मावशीकडं, मित्राकडं जाऊन राहा. रोज दोनदा पोर्टल उघडा, ईमेल उघडा. क्वेरी आली की त्याच दिवशी उत्तर. फी साठी बापाच्या खात्यात पैसे आणि चालू असलेलं एटीएम किंवा यूपीआय आधीच तयार ठेवा, पीक कर्जाच्या खात्यावर भरवसा ठेवू नका, ऐन वेळी बँक ते पैसे थकबाकीत वळवते.

होस्टेलचा अर्ज कॉलेजचा वेगळा असते, सीट पक्की झाल्याच्या दिवशीच टाका, जागा थोड्या आहेत. शिकवणं इंग्रजीत आणि काही ठिकाणी हिंदीत, पहिलं सेमिस्टर जड जाते, मराठी मीडियमवाल्या सगळ्यांनाच गेलं, मलाही.

जाताना नागपूरहून किंवा सेवाग्रामहून जीटी एक्सप्रेस पकडा. तिकीट सीट पक्की होताच काढा, वेटिंगवर जाऊ नका. मूळ कागद बॅगेत नाही, अंगावरच्या पिशवीत, आणि प्रत्येकाच्या पाच पाच झेरॉक्स इथूनच मारून न्या.