कन्सोल लॉग रिकामा आला म्हणून निश्चिंत होऊ नका: या चुका टाळा

ऑटोमेशन टेस्टमध्ये, म्हणजे कोडने ब्राउझर चालवून केलेल्या तपासणीत, ब्राउझरचा कन्सोल लॉग (पानावरच्या एरर आणि संदेशांची नोंद) गोळा करणं हे दिसायला चार ओळींचं काम. बहुतेक जण ते तसंच उरकतात, यादी रिकामी आली की पानावर एरर नाही असं धरतात आणि पुढे जातात. पण रिकाम्या यादीचे अर्थ दोन होतात. एक तर एरर नव्हती, नाहीतर ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही. यातलं नेमकं काय झालं हे सांगता येत नसेल, तर तो चेक काढून टाकलेला बरा. निदान खोटा भरवसा तरी मिळणार नाही.

एकच लॉग दोन ठिकाणी वाचणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो. ब्राउझर कोडने चालवणाऱ्या सेलेनियममधून क्रोमचा ‘ब्राउझर’ लॉग मागितला की तोवर साठलेल्या नोंदी मिळतात आणि साठा रिकामा होतो. पुढच्या वेळी फक्त नंतरच्या नोंदी येतात.

एका टीमने चांगली शिस्त लावली होती. प्रत्येक टेस्टच्या शेवटी लॉग वाचायचा आणि ‘सीव्हिअर’ (सगळ्यात गंभीर) पातळीची एकही नोंद दिसली तर टेस्ट फेल. तरीही एका मोठ्या फॉर्मचा मसुदा आपोआप सेव्ह होणं बंद पडलं आणि ते थेट वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं. हाताने फॉर्म उघडला तर कन्सोलमध्ये टाइपएरर (स्क्रिप्टमधली एक एरर) लालभडक दिसत होती. टेस्ट मात्र हिरवी, कारण ती फक्त सबमिट झाल्याचं तपासत होती आणि कन्सोलचा पहारा गप्प होता. टीमने आधी क्रोमड्रायव्हरच्या (सेलेनियम आणि क्रोम जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवृत्तीवर संशय घेतला, मग हेडलेस मोडवर (खिडकी न दाखवता चालणाऱ्या ब्राउझरवर), मग सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, मशीनवर. मला कोड दाखवला तेव्हा मी फक्त लॉग वाचणारा कॉल कुठे कुठे आहे ते शोधलं. तो दोन ठिकाणी निघाला. स्क्रीनशॉट काढणाऱ्या हेल्परमध्ये कुणीतरी प्रत्येक पायरीनंतर लॉग वाचून रिपोर्टला जोडायची सोय केली होती. सगळ्या एरर तिथे, कुणी न उघडलेल्या अटॅचमेंटमध्ये पडून होत्या. शेवटच्या चेकच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं.

तेव्हापासून माझ्या प्रोजेक्टमध्ये लॉग वाचणारं फंक्शन एकच असतं. ते आलेल्या नोंदी त्या टेस्टच्या यादीत भरत जातं. रिपोर्ट असो की चेक, दोघांनी त्या यादीतूनच घ्यायचं. रिव्ह्यूमध्ये ड्रायव्हरच्या लॉगला थेट हात घातलेला दिसला की मी कोड परत पाठवतो, मग रिलीज उद्या का असेना.

पान उघडल्यावर कान लावणं

प्लेराइट आणि पपेटिअर या सेलेनियमसारख्याच साधनांमध्ये सहसा मागे जाऊन लॉग वाचत नाहीत, घटना घडताना ऐकतात. नवशिके आधी ‘गोटू’ (पान उघडायचा कॉल) लिहितात आणि मग ‘कन्सोल’ इव्हेंटचा लिसनर (ती घटना ऐकणारं फंक्शन) लावतात. पण पान लोड होतानाच स्क्रिप्ट कोसळतात आणि फाइल्स ४०४ (सापडत नाही) देतात. लिसनर ‘गोटू’च्या आधीच हवा. शिवाय ‘कन्सोल’ इव्हेंटमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन (कोडने न हाताळलेली एरर) येत नाही, त्यासाठी ‘पेजएरर’ वेगळा ऐकावा लागतो. अर्धी माहिती वाचून कोड चिकटवणाऱ्यांची गफलत इथेच होते. प्लेराइटमध्ये नवी टॅब उघडणारी टेस्ट असेल तर ‘कन्सोल’चा लिसनर पेजवर न लावता कॉन्टेक्स्टवर (सगळ्या टॅब ज्यात उघडतात त्या सत्रावर) लावा.

बाकीच्या, थोडक्यात

क्रोमड्रायव्हर ब्राउझर लॉगची पातळी मुळात ‘वॉर्निंग’ ठेवतो. साधे कन्सोल-लॉग हवे असतील तर ती ‘ऑल’ करा.

ती बदलण्याच्या कॅपॅबिलिटीचं (ड्रायव्हर सुरू करताना द्यायच्या सेटिंगचं) जुनं नाव नुसतं ‘लॉगिंगप्रेफ्स’ होतं. २०१९ मध्ये क्रोमड्रायव्हर ७५ पासून डब्ल्यूथ्रीसी (वेबची मानकं ठरवणारी संस्था) मोड मूळ झाला आणि तेव्हापासून त्या नावाच्या सुरुवातीला ‘गूग’ आणि कोलन लागतो. जुनी उत्तरं कॉपी करण्याआधी त्यांची तारीख बघा.

फायरफॉक्सच्या गेकोड्रायव्हरमध्ये (फायरफॉक्सच्या ड्रायव्हरमध्ये) लॉग मागण्याची ही सोयच नाही. तिथे वेबड्रायव्हर बायडाय (ब्राउझरकडून घटना कळवणारा नवा प्रोटोकॉल) वापरा आणि ‘लॉग डॉट एंट्रीअॅडेड’ या इव्हेंटला सबस्क्राइब करा.

ड्रायव्हर ‘क्विट’ केल्यावर लॉग मागू नका. टीअरडाउनचा (टेस्टनंतरच्या आवराआवरीचा) क्रम तपासा.

एरर उशिरा येते म्हणून पाच सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकणं हा उपाय नव्हे. पानावरच्या ज्या बदलानंतर काम संपतं, त्या बदलाची वाट बघा.

पान लोड झाल्यावर स्क्रिप्ट घुसवून कन्सोलची फंक्शन्स बदलणं हा शॉर्टकट मला अजिबात पसंत नाही. त्याआधीच्या एरर सुटतात आणि पुढच्या पानावर गेलं की ती स्क्रिप्टही जाते.

बिल्ड करताना मिनिफायर (कोड आटोपशीर करणारं साधन) कन्सोलचे कॉल काढून टाकत असेल, तर त्या बिल्डवर तुमच्या कोडने लिहिलेल्या कन्सोल-एरर शोधून काही मिळणार नाही. फक्त न पकडलेली एक्सेप्शन्स आणि ४०४सारखे ब्राउझरचे स्वतःचे संदेश दिसतील.

सापळा आधी तपासा

मी प्रत्येक टेस्ट-संचाच्या सुरुवातीला एक मुद्दाम बिघडवलेलं पान उघडतो. त्यात एक कन्सोल-एरर, एक न पकडलेलं एक्सेप्शन, एक रिजेक्ट होणारं प्रॉमिस (नंतर पूर्ण व्हायचं, पण फसणारं काम) आणि एक अस्तित्वात नसलेलं चित्र असतं. चारही नोंदी यादीत आल्या तरच बाकीच्या टेस्ट चालतात. यात वेळ जातो अशी तक्रार येते. ती मी मान्य करत नाही, कारण एका आंधळ्या चेकमुळे सुटलेला बग शोधायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

आणि दुर्लक्ष करायच्या एररची यादी ठेवायचीच असेल, तर तिथे नुसता ‘४०४’ लिहू नका. पूर्ण पत्ता, नेमका मजकूर आणि दुर्लक्षाचं कारण लिहा. माझ्याकडे कारण नसलेली ओळ पुढच्या रिव्ह्यूत काढली जाते आणि टेस्ट फेल झाली तर ती होऊ देतो.