ब्रुस्केटा लगेच गिचका होतो? या चुका टाळा

ब्रुस्केटा या इटालियन पदार्थात असतं तरी काय? भाजलेला ब्रेड, लसूण, तेल, मीठ आणि वर टमाटे. तो बिघडतो बहुतेक वेळा एकाच गोष्टीने, पाण्याने.

पाकिटातला कापलेला सँडविच ब्रेड इथेच मार खातो. तो पातळ आणि मऊ असतो, टमाटे पडले की खाली बसतो. बेकरीतून अख्खा ब्रेड आणा आणि दीड ते दोन सेंटीमीटर जाड काप करा. फ्रेंच लोफ मिळाला तर उत्तम. तालुक्याच्या गावी तो नसेल तर कालचा लादीपाव आडवा कापून घ्या, आजचा नको.

वरून काळा, आतून लुसलुशीत? मग गॅस मोठा होता, किंवा आधीच बटर लावलं होतं. बटर ब्रेड वाळायच्या आत जळतं. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवा आणि काप कोरडेच, न दाबता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं भाजा. घरी चूल असेल तर फारच छान: जाळ ओसरून नुसते इंगळ उरले की वर जाळी ठेवून भाजा. इटलीतही मूळ पद्धत निखाऱ्यावरचीच. भाजलेले काप ताटात एकावर एक रचू नका, वाफेने खालचे मऊ पडतात. जाळीवर सुटे ठेवा.

आता टमाटे, खरी गोम इथेच आहे. गावरान गोल टमाटे चवीला चांगले, पण त्यांत रस आणि बिया फार. लांबट, जाड गराचे घ्या. चार मध्यम टमाट्यांच्या बिया काढून अर्ध्या सेंटीमीटरच्या फोडी करा, अर्धा छोटा चमचा मीठ लावा आणि पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. मीठ पाणी ओढून काढतं. ते ब्रेडवर सुटण्यापेक्षा चाळणीखालच्या वाटीत सुटू द्या. ही वाटी ओतून देऊ नका, वरणात टाका. टमाटे फ्रिजमधून काढून थेट वापरले तर चव सपक लागते, तासभर आधी बाहेर काढा.

लसूण बारीक चिरून फोडींत मिसळला की बाकी सगळं झाकलं जातं, त्यात गावरान लसूण असला तर विचारूच नका. पाकळी अर्धी कापा आणि गरम कापावर कापलेल्या बाजूने एक-दोनदा घासा. खरखरीत भाजलेला ब्रेड किसणीचं काम करतो. गुळगुळीत राहिला असेल तर भाजणं कमी झालंय.

तेल त्यानंतर, कापाला एक छोटा चमचा. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची चव वेगळीच, पण ते नसेल तर करडईचं वापरा. कच्च्या शेंगदाणा तेलाचा वास मात्र टमाट्यावर चढतो.

वरून बेसिलची (इटालियन स्वयंपाकातल्या तुळशीची) पानं घालतात. त्याऐवजी अंगणातली तुळस घालू नका, तिला लवंगेसारखा उग्र वास असतो. सब्जाची कोवळी पानं चालतात. वनस्पतीशास्त्रानुसार सब्जा आणि बेसिल एकाच जातीचे. पानं सुरीने बारीक चिरली की काळी पडतात, हाताने तोडा.

टमाटे कापावर ठेवायचे ते पाहुणे पाटावर बसल्यावरच. तरीही एखादा काप ओला झालाच, तर फोडी बाजूला काढून तो दोन मिनिटं कोरड्या तव्यावर परत टाका.