लाल उजवी, पिवळी डावी

पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स झाल्यावर कार्डियाक केअर टेक्नॉलॉजीला, म्हणजे हृदयाच्या तपासण्या करणाऱ्या टेक्निशियनच्या कोर्सला, जाऊ काय, असं खानापूर-निपाणीकडची पोरं विचारतात. तीन वर्षं कोर्स, पुढं एक वर्ष इंटर्नशिप. कोर्सबद्दल कोणीही सांगेल. मी बेळगावात ईसीजी काढताना काय शिकलो ते लिहितो.

लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. तोंडपाठ होतं. तरी एका रात्रपाळीत लाल-पिवळी बदलली. लीड म्हणजे कागदावरची एकेक रेघ. लीड एक पूर्ण उलटी, आणि एरवी उलटी असणारी एव्हीआर लीड सरळ. डॉक्टर सरांनी कागद बघितला. "पेशंट बराय रे, तुझ्या वायरी उलट्या हायत." आजही कागद हातात आला की आधी ह्या दोन लीड बघतो.

छातीवरच्या सहा वायरी अंदाजानं लावायच्या नाहीत. गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवलं की हाडाचा उंचवटा लागतो, त्याला लागून दुसरी बरगडी. तिथून मोजत बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत: उजवीकडं व्ही१, डावीकडं व्ही२. मग व्ही४ पाचव्या फटीत, आणि व्ही३ त्यानंतर, व्ही२ आणि व्ही४च्या मधोमध. छातीवर केस असतील तर वस्तरा फिरवा, तेल-घाम पुसा. बाई पेशंट असेल तर सिस्टरला बोलवा, पडदा ओढा.

कानडी येत नसेल तर निदान "अल्लाडब्याड्री" (हलू नका) शिका. पेशंट हलला की रेघा थरथरतात.

२०२१ ला कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले, तेव्हापासून तिशीतली पोरंही घाबरून येतात. बहुतेकांचं काही नसतं. पण म्हणून हलक्यात घ्यायची सवय लागू देऊ नका. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत निघालाच पाहिजे.

एक शेतकरी काका आले. "गॅस झालाय, सोडा पिऊन आलोय." जबडा दुखत होता, बनियन घामानं चिंब. पहिला कागद स्वच्छ. मी वायरी काढायला लागलो, तर सिस्टर म्हणाल्या, राहू दे, पंधरा मिनिटांनी परत काढ. दुसऱ्या कागदावर लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी (ठोक्याच्या रेघेचा एक भाग) वर चढलेली, म्हणजे हार्ट अटॅकची खूण. सरांनी उजव्या बाजूचा व्ही४ही काढायला लावला. निदान सांगणं आपलं काम नाही, म्हणून मी गप्प. स्ट्रेचर कॅथलॅबकडं (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात ती खोली) वळताना काकांनी माझा हात धरला.

"सोडा पिलो म्हणून झालं काय वो हे?"