जून उजाडायच्या आत: जुन्या व्हिडिओ कॅसेट्सची तयारी

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट्स ज्यांच्या घरी अजून आहेत त्यांनी हे काम पहिल्या पावसाची वाट बघत ठेवू नका. मुंबई-ठाण्यात मान्सूनची तारीख ११ जून धरतात पण हवा मे संपता संपताच चिकट होते, आणि बुरशीला लागतं तरी काय, हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर आणि वारा न फिरणारा एखादा कोपरा. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांकडे तो आकडा ८० च्या खाली उतरतो कुठे? म्हणून खरी वेळ जानेवारी-फेब्रुवारीची, ती हुकली असेल तर मे मध्ये एसी चालू असतो ते दिवस पकडा.

आधी कॅसेट्स माळ्यावरून खाली काढा. वाशी-नेरुळच्या, नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये माळा हमखास बाथरूमच्या वर, म्हणजे रोज सकाळी गरम पाण्याची वाफ थेट तिथेच आणि त्यात एक भिंत बाहेरची, पावसात ओल धरणारी. यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडायची नाही. दिवाणाच्या पेटीतही नको, तिथे गाद्या-रजयांचा दमटपणा कोंडलेला असतो.

मग एकेक कॅसेट तपासायची, आणि हे घाईत उरकायचं काम नाही. तोंडाला एन-९५ मास्क, घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. कॅसेटची पारदर्शक खिडकी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वरची धूळच बुरशी वाटते, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. आत गुंडाळलेल्या टेपची कड एकसारखी काळी, गुळगुळीत दिसली पाहिजे. पांढरी पावडर, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा ठिपके दिसले तर बुरशी. कॅसेटच्या कडेला एक बारीक बटण असतं, ते दाबून पुढची झडप उचला आणि तिथलीही टेप बघून घ्या, फक्त बोट लावू नका.

बुरशीवाली एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये जाता कामा नये, "फक्त काय आहे ते बघतो" म्हणूनसुद्धा नाही. आतला हेडचा ड्रम (टेपवरचं चित्र वाचणारा फिरता भाग) आपल्याकडच्या पाल (PAL) व्हिडिओ सिस्टीममध्ये मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यावर बुरशी लागली की पुढची चांगली कॅसेट पण गेली, आणि थर एकमेकांना चिकटले असतील तर टेप तिथल्या तिथे तुटते. अशा कॅसेट्स वेगळ्या खोलीत कोरड्या होऊ द्या, मग पिशवीत घालून नाव टाका आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. व्हीएचएसचं कव्हर पाच स्क्रूवर उघडतं, दिसायला सोपं आहे, पण आतली स्प्रिंग उडाली की शोधत बसाल, तेव्हा हात बसवायचा असेल तर एखाद्या टाकाऊ कॅसेटवर बसवा. डेटॉल, फिनेल, सॅनिटायझर यातलं काहीही टेपवर नको. ऊन दाखवायचं पण नाही, पापड-कुरडया नाहीत त्या गच्चीत वाळत घालायला, उन्हाने टेप वाकडी होते. हेअर ड्रायर पण नको.

चांगल्या निघालेल्या कॅसेट्स पुठ्ठ्याच्या कव्हरमधून काढा, पुठ्ठा ओल शोषून धरतो. कव्हरवर कोणी तारीख-नाव लिहिलं असेल तर फोटो काढून ठेवा. मशीन धड असेल तर प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण रिवाइंड (मशीनची खात्री नसेल तर आधी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून बघा), आणि कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडलेली नसेल तर आत्ताच तोडा, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही, घरोघरी लग्नावर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड झालेली असते. त्यानंतर एसीच्या खोलीत ड्राय मोडवर आठवडाभर उघड्यावर ठेवा. घट्ट गुंडाळलेली टेप आतून हळूहळू सुकते, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. दमट कॅसेट हवाबंद डब्यात घातली तर ओल आतच कोंडते, मग डबा कितीही भारी असो.

डबा रबर सील असलेला प्लास्टिकचा, कॅसेट्स पुस्तकासारख्या उभ्या. सोबत सिलिका जेल, बुटाच्या खोक्यातली चिमूटभर पुडी नाही, चांगली मोठी. केशरी दाण्यांचं घ्या, ओल धरली की हिरवे पडतात आणि ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात. निळ्यात कोबाल्ट असतो, घरात लहान मुलं असतील तर ते टाळाच. कुठलंही असो, तापवायला स्वयंपाकाचा ट्रे घेऊ नका. डांबरगोळ्या, कापूर अजिबात नको, त्यांची वाफ प्लास्टिकला खाते. काही शे रुपयांत मिळणारं डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) आत टाकलं की अंदाजपंचे राहत नाही, आकडा ४० च्या आसपास असला की निश्चिंत, ५५ ओलांडला की जेल बदला. डबा आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर, स्पीकरपासून लांब.

पावसाळ्यात डबा उघडलाच तर एसीतली थंड कॅसेट लगेच दमट हॉलमध्ये आणून मशीनला लावू नका, टेपवर पाणी धरतं, दोन-तीन तास जाऊ द्या.

आणि डिजिटल करून घ्यायला पुढच्या वर्षाचा वायदा नको. नवीन व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत चाललेत. ज्या कॅसेटमध्ये आता हयात नसलेल्या माणसांचा आवाज आहे ती आधी द्या, रिसेप्शनच्या रांगा नंतर. फाईल्स मिळाल्या की दुकानातच दोन-चार ठिकाणी पुढे-मागे करून बघा, आवाज आहे ना ते ऐका, एक कॉपी घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे. मूळ कॅसेट परत मागून घ्या.