डायव्हर घड्याळाची घरगुती जुळवणी: गोव्याच्या हवेत घ्यायची काळजी

रोलेक्स कंपनीचे सबमरीनर हे डायव्हर घड्याळ, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचे घड्याळ, १९५३ साली घडले. काळी तबकडी, काचेभोवतीचे फिरते कडे (बेझेल), तासांच्या जागी चमकणारे गोल ठिपके आणि तीन आऱ्यांचे वर्तुळ असलेला तासकाटा ही त्याची ठेवण पुढे कित्येक कंपन्यांनी उचलली. त्याच ठेवणीचे घड्याळ सुटे भाग आणून घरी जुळवता येते. मात्र रोलेक्सचे नाव किंवा मुकुट छापलेली तबकडी मुळीच घेऊ नये, कारण दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने वापरणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये गुन्हा आहे. कोरी तबकडी माझ्या मते दिसायलाही अधिक देखणी असते, आणि असे घड्याळ मनगटावर घालून कोणाशीही खोटे बोलावे लागत नाही.

मशीन म्हणून सेको कंपनीचे एनएच३५ घ्यावे. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे हे मशीन २४ माणकांचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) असून त्याचा वेग तासाला २१,६०० ठोके इतका आहे, आणि पूर्ण चावी भरल्यावर ते सुमारे ४१ तास चालते. तारीख नको असेल तर एनएच३८ घ्यावे. एनएच३५ वर बिनतारखेची तबकडी बसवली, तर तारीख बदलण्याचा टप्पा चावीत (घड्याळाच्या बाजूच्या फिरवायच्या बटणात) उगाच शिल्लक राहतो. तबकडी २८.५ मिलिमीटर व्यासाची लागते. केस (घड्याळाचे बाहेरचे कवच), तबकडी आणि काटे याच मशीनसाठी बनवलेले आहेत, ही खातरजमा पैसे भरण्यापूर्वीच करावी. परदेशातून मागवलेल्या भागांवर सीमाशुल्क लागू शकते, तेही हिशेबात धरावे.

हत्यारांत भिंग, बारीक चिमटे, मशीन धरण्याचा साचा, काटे बसवण्याचे दाबयंत्र, रबरी बोटमोजे, हवेचा रबरी फुगा आणि मागचे झाकण उघडण्याची चावी एवढे पुरते.

गोव्यात जुळवणीसाठी दिवस निवडणे हे अर्धे काम आहे. जून ते सप्टेंबर या काळात पणजीत काय किंवा मडगावात काय, हवा इतकी दमट असते की झाकण लावताना आत कोंडलेली हवा पुढे काच थंड होताच आतून धुके धरते. म्हणून दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काम करावे, किंवा वातानुकूलन बराच वेळ चालू ठेवून मगच भाग उघडावेत. पंखा बंद ठेवावा. टेबलावर पांढरा कागद अंथरावा, म्हणजे पडलेला स्क्रू पटकन दिसतो.

मशीन साच्यात धरून तबकडीचे पाय (मागच्या बारीक खुंट्या) त्यांच्या भोकांत सरळ बसवावेत. त्यानंतर चावीने वेळ पुढे नेत राहावे आणि तारीख नेमकी पालटते त्या क्षणी थांबावे. तो क्षण मध्यरात्रीचा असल्यामुळे तासकाटा आणि मिनिटकाटा दोन्ही बारावर बसवायचे असतात. काटा कडेने किंवा चमकत्या रंगावर दाबू नये; काट्याच्या मधल्या नळीवर दाबयंत्र टेकवून सरळ खाली दाबावे. बसवल्यावर डोळा तबकडीच्या पातळीवर आणून बाजूने पाहावे: प्रत्येक काटा तबकडीला समांतर हवा आणि दोन काट्यांमध्ये प्रकाशाची बारीक फट दिसायला हवी. सेकंदकाट्याचे भोक अवघे ०.२ मिलिमीटरचे असते, त्यामुळे तो बसवण्यापूर्वी श्वास शांत होऊ द्यावा आणि हात टेबलावर टेकवावेत. मग काटे पूर्ण बारा तास फिरवून कोठे घासतात का, ते तपासावे.

आता फुग्याने तबकडी आणि काच स्वच्छ करून मशीन केसमध्ये ठेवावे. यापुढचे काम चावीच्या मशीनमध्ये शिरणाऱ्या दांडीचे, आणि सगळ्यांत जास्त संयम लागतो तो येथेच. दांडी मुळात लांब येते. ती एकदम मापाने न कापता थोडी जास्त ठेवून कापावी आणि कानशीने किंचित किंचित घासत, दर वेळी बसवून पाहावी. लांब राहिली तर चावीचे आटे केसच्या नळीवर पूर्ण आवळले जात नाहीत आणि पाण्याला वाट मिळते. आखूड झाली तर वेळ लावताना दांडी नीट पकड घेत नाही, आणि मग नवी दांडी आणण्यावाचून गत्यंतर नसते.

मागच्या झाकणाच्या रबरी वॉशरला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा आणि वॉशर खाचेतून न सरकता झाकण आवळले जाते आहे, याकडे लक्ष ठेवावे. झाल्यावर घड्याळ हाताला कोमट लागेल इतपत गरम करून काचेवर थंड पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंबाखाली आतून धुके दिसले, तर आत ओल आहे. झाकण उघडून कोरड्या हवेत पुन्हा बंद करावे. ही परीक्षा आतली ओल दाखवते, पाणीरोधकता सिद्ध करत नाही. घड्याळजीकडे पाणीरोधकता तपासण्याच्या यंत्रावर तपासून घेईपर्यंत हे घड्याळ घालून कळंगुटच्या समुद्रात उतरू नये, आणि खाऱ्या वाऱ्यात घालून फिरल्यावर चावी घट्ट आवळलेली ठेवून केस व पट्टा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.