परदेशातला मुक्काम वाढवताना या चुका टाळा

कापूस-तूर विकून हात मोकळे झाले की मृग लागेपर्यंत विदर्भातल्या कास्तकाराला थोडी उसंत असते. लग्नसराई सोडली तर परदेशवारी याच दिवसांत निघते. कोणी धम्मयात्रेच्या गटासोबत थायलंड किंवा श्रीलंकेला जातो, कोणी क्वालालंपूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे. तिथे गेल्यावर मन रमतं आणि "अजून महिनाभर राहून घेऊ" असं ठरतं. ते शक्य आहे की नाही, हे बरेचदा निघण्याआधीच ठरलेलं असतं. पुढचा तपशील मुख्यतः थायलंडचा आहे, कारण आपल्याकडची जास्त मंडळी तिथे जातात आणि तिथे मुदतवाढ खरोखर मिळते.

"व्हिसा लागत नाही" म्हणजे सगळीकडे सारखंच, हा समज

नेपाळमुळे हा घोळ होतो. नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही आणि दिवसही कोणी मोजत नाही. विमानाने जाताना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारवर फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांचं भागतं. भूतानमध्ये परवान्यावर रात्री मोजल्या जातात आणि भारतीयांना दर रात्रीचे 1,200 रुपये शुल्क आहे. मुक्काम वाढला की तेही वाढतं.

बाकी देशांत "व्हिसा-मुक्त" म्हणजे ठरावीक दिवसांची परवानगी. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवस व्हिसाशिवाय दिले आहेत आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे. पण फिरण्यासाठी हे दिवस वाढवून मिळत नाहीत. आजारपणासारखं ठोस कारण आणि रुग्णालयाचं पत्र असेल तरच विचार होतो. फिलिपिन्सचे 14 दिवस वाढतच नाहीत. कझाकस्तान एका वेळी 14 दिवस देतं आणि 180 दिवसांत मिळून 42. श्रीलंकेत ईटीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी, 30 दिवसांची असते आणि वाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी ऑनलाइन करता येतो. म्हणून "मावसभावाचं तिकडे झालं होतं" या भरवशावर दुसऱ्या देशाचं तिकीट काढू नका.

"दोन महिने" मोजणं

15 जुलै 2024 पासून थायलंड भारतीयांना 60 दिवस देऊ लागलं. असे नियम मधेच बदलतात, त्यामुळे तिकीट काढताना मुंबईच्या थाय वाणिज्य दूतावासाची सूचना पाहा आणि उतरल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्यात छापलेली तारीख. तीच शेवटची. तालुक्याच्या एजंटने काय सांगितलं याला त्या तारखेपुढे किंमत नाही.

60 दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत, आणि उतरल्याचा दिवस हाच पहिला दिवस धरतात. 1 मार्चला उतरलात तर साठावा दिवस 29 एप्रिल. 30 एप्रिलचं परतीचं तिकीट काढणारा एक दिवस जास्त राहतो. परतीचं विमान रात्री साडेबाराचं असेल तर तारीख बदललेली असते, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गंमत 15 फेब्रुवारीची. त्या दिवशी उतरलेल्याचा साठावा दिवस 15 एप्रिलला येतो, आणि 13 ते 15 एप्रिल हा सोंगक्रान, म्हणजे थाय नववर्ष. इमिग्रेशन कार्यालयं बंद. शेवटच्या दिवशी अर्ज करायचं ठरवलेल्याला तिथे कुलूप दिसतं. शेवटच्या दोन आठवड्यांतला एखादा कामाचा दिवस धरून जा. लवकर गेल्याने दिवस बुडत नाहीत, कारण वाढीचे 30 दिवस अर्जाच्या तारखेपासून नव्हे, जुनी मुदत जिथे संपते तिथून मोजतात.

85 दिवसांनंतरचं परतीचं तिकीट

मुदतवाढ मिळणारच, असं गृहीत धरून काही जण आधीच तीन महिन्यांचं तिकीट काढतात आणि मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर अडतात. विमान कंपनी बघते ती आज हातात असलेली परवानगी, उद्या मिळू शकणारी नाही. तारीख बदलता येईल असं, 60 दिवसांच्या आतलं परतीचं तिकीट घ्या. नागपूरहून बँकॉकला थेट विमान नसल्याने मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याचं जोडतिकीट असतं. ते एकाच बुकिंगमध्ये असू द्या, नाहीतर तारीख बदलताना दंड दोनदा पडतो. थायलंडमध्ये उतरल्यावर माणशी 10,000 बाट (थायलंडचं चलन) किंवा कुटुंबामागे 20,000 बाट जवळ आहेत का, असंही विचारू शकतात. थायलंडला पोहोचण्याआधीच्या 72 तासांत तिथलं डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत, मागणाऱ्याला देऊ नका.

पासपोर्टवर ईसीआर शेरा (कामासाठी काही देशांत जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, असा) असेल, म्हणजे दहावी पास नसल्याने किंवा कागद न दिल्याने तो लागला असेल, तर थोडी जास्त तयारी ठेवा. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे तिन्ही अशी तपासणी लागणाऱ्या 18 देशांत आहेत. पर्यटनाला मनाई नाही, पण मुंबईला जास्त प्रश्न विचारतात. परतीचं तिकीट आणि हॉटेल किंवा नातेवाइकाचा पत्ता छापून हातात ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र घरात असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेतलेला बरा.

कागद अर्धवट घेऊन कार्यालय गाठणं

थायलंडमधल्या अर्जाचं नाव टीएम 7. त्यासोबत मूळ पासपोर्ट, फोटो असलेल्या पानाची आणि शिक्का असलेल्या पानाची झेरॉक्स आणि एक फोटो. फी 1,900 बाट, रोख. आपल्या पैशात पाच-साडेपाच हजार. काउंटरवर फोनपे दाखवून उपयोग नाही, बाट आदल्या दिवशीच काढून ठेवा.

फोटो 4 बाय 6 सेंटिमीटरचा हवा. गावाकडचा स्टुडिओ साडेतीन बाय साडेचारचा देतो, म्हणून माप सांगून चार प्रती काढून न्या. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर सही करा.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी आपली सवय, पण पासपोर्टमध्ये हे कधी एका रकान्यात असतं, कधी दोन. अर्ज, आगमन कार्ड आणि तिकीट या तिन्हींवर पासपोर्टमध्ये आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहा.

पण अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावर. परदेशी माणूस कुठे उतरला आहे हे घरमालकाने, हॉटेलने किंवा विहाराने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्या नोंदीला टीएम 30 म्हणतात. हॉटेलं ते आपोआप करतात. ओळखीच्या घरी किंवा विहारात राहिलात तर कोणी केलेलंच नसतं, आणि काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. पोहोचल्या दिवशीच यजमानाला सांगा आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बँकॉकमधलं मुख्य कार्यालय चेंग वत्थानाच्या सरकारी संकुलात आहे. वेळ सकाळी साडेआठ ते साडेचार, बारा ते एक जेवणाची सुट्टी. उघडायच्या आधी जाऊन टोकन घ्या. पूर्ण कपडे घाला, हाफ पँट-बनियनवर जाऊ नका. शिक्का बहुधा त्याच दिवशी मिळतो. काउंटर सोडण्याआधी त्यावरची तारीख वाचा. थाय पावतीवर सालात 543 जास्त दिसतील, 2026 च्या जागी 2569. ती चूक नाही, तिथलं बौद्ध साल आहे.

वाढ नाकारली तर फी परत मिळत नाही आणि देश सोडायला साधारण 7 दिवस देतात. म्हणून अर्ज करतानाच परतीच्या तिकिटाचा पर्याय डोक्यात असू द्या.

मुदत वाढली म्हणून लाओस फिरून येणं

देशाबाहेर पाऊल पडलं की वाढवलेले दिवस रद्द होतात. परत यायचं असेल तर आधी टीएम 8 अर्ज करून पुनःप्रवेश परवाना घ्या. एका वेळेसाठी 1,000 बाट, अनेक वेळांसाठी 3,800. "सीमेपलीकडे जाऊन येऊ, नवे 60 दिवस मिळतील" ही युक्ती आता चालत नाही. जमिनीवरून व्हिसाशिवाय प्रवेश वर्षातून दोनदाच मिळतो आणि वारंवार ये-जा करणाऱ्याला विमानतळावरूनही परत पाठवतात.

विहारात राहून दोन-तीन महिने धम्मशिक्षण घ्यायचं असेल किंवा चीवर घ्यायचं असेल, तर पर्यटकाची सवलत ओढत बसू नका. विहाराचं पत्र मागवून थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर योग्य व्हिसाचा अर्ज घरूनच करा.

"इथे काम लावून देतो, पासपोर्ट माझ्याकडे ठेव" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. पर्यटकाच्या परवानगीवर काम करता येत नाही. अशाच आमिषाने म्यानमारच्या सायबर-फसवणूक अड्ड्यांत अडकलेले शेकडो भारतीय 2025 मध्ये थायलंडच्या सीमेवरच्या मे सोत गावाहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

पासपोर्ट आणि विमा मधेच संपणं

पासपोर्टची मुदत संपत असेल तर वाढ त्यापलीकडे मिळत नाही. निघताना किमान आठ-नऊ महिने शिल्लक हवेत. तिकडे नवा काढला तर जुन्याचा शिक्का नव्यात बदलून घेण्यासाठी पुन्हा इमिग्रेशनला जावं लागतं. हरवला तर आधी पोलिसांचा दाखला, मग भारतीय दूतावास, मग इमिग्रेशन. प्रवासविमा वाढवायचा असेल तर जुना संपण्याआधी कळवा, संपल्यावर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. ज्येष्ठांसोबत असाल तर हे काम मुदतवाढीच्या अर्जाच्याही आधी करा.

मुदत उलटूनच गेली असेल तर

थायलंडमध्ये दंड दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20,000. चाळीस दिवसांत ती कमाल रक्कम गाठते. स्वतःहून विमानतळावर जाऊन दंड भरणारा आणि वाटेत तपासणीत सापडणारा यांत मोठा फरक आहे. पहिल्याला 90 दिवसांपर्यंत दंडावर सुटता येतं, त्यापुढे वर्षभराची प्रवेशबंदी. दुसऱ्याला थोडेच दिवस उलटले असले तरी 5 वर्षांची बंदी लागू शकते. मलेशियात तर कायद्याने किमान 10,000 रिंगिट दंड किंवा 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. दिवस उलटले आहेत हे कळलं की दुसऱ्या शहरात फिरायला जाऊ नका. मिळेल ते पहिलं विमान घ्या, दंडाची रोख वेगळ्या पाकिटात ठेवा आणि विमानतळावर चार तास आधी पोहोचून काउंटरवर स्वतःच सांगा.