ओपन सोर्स प्रकल्पात बिल्डची वातावरणे वाढवताना या चुका टाळा

एखाद्या स्वयंसेवकाने नव्या प्लॅटफॉर्मसाठी (ऑपरेटिंग सिस्टिम किंवा प्रोसेसरसाठी) पॅच, म्हणजे कोडमधील बदल, पाठवला की तो सहसा आनंदाने स्वीकारला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. पॅच एकदाच येतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल त्या प्लॅटफॉर्मवरही चालतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या गळ्यात कायमचे पडते. म्हणून बिघाड कोण दुरुस्त करणार आणि चाचणी कोणत्या मशीनवर होणार, हे आधीच ठरलेले असावे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात आधाराच्या पातळीनुसार प्लॅटफॉर्मचे तीन टियर आहेत आणि तिसऱ्यासाठी प्रकल्प स्वतः बिल्डही करत नाही, म्हणजे कोडपासून तयार प्रोग्राम बनवत नाही. हा स्पष्टपणा लहान प्रकल्पांनीही उचलण्यासारखा आहे.

दुसरी चूक म्हणजे ऑटोटूल्स आणि सीमेक अशा दोन बिल्ड सिस्टिम मुदतीशिवाय शेजारीशेजारी ठेवणे. नवी फाइल एका यादीत जोडून दुसरीत राहिली तर निदान लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारे साधन) ओरडतो. पर्यायांची डीफॉल्ट मूल्ये वेगळी झाली तर कोणीच ओरडत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०२३ च्या आवृत्ती १६ मध्ये मेसन ही बिल्ड सिस्टिम आणली आणि व्हिज्युअल स्टुडिओसाठीच्या आपल्या जुन्या वेगळ्या स्क्रिप्ट २०२४ च्या आवृत्ती १७ मध्ये काढून टाकल्या. नवे आणताना जुने कधी जाणार हेही ठरवावे ते असे.

सर्वांत फसवा बिघाड मात्र कॉन्फिगरच्या टप्प्यावर, म्हणजे सिस्टिमवर कोणत्या सुविधा आहेत हे बिल्डआधी तपासताना, होतो. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १४ ने २०२४ मध्ये घोषणेविना वापरलेले फंक्शन ही चेतावणी न ठेवता एरर केली. त्यामुळे आवश्यक हेडर (फंक्शनच्या घोषणा असलेली फाइल) न जोडणाऱ्या जुन्या कॉन्फिगर चाचण्या कंपाइल होईनात, आणि स्क्रिप्टने त्याचा अर्थ ती सुविधा या सिस्टिमवर नाही असा लावला. बिल्ड हिरवा, पण सुविधा गायब! अशा वेळी कॉन्फिगरचा लॉग उघडून चाचणी नेमकी कशाने फसली ते वाचावे, दोन वातावरणांत तयार झालेली कॉन्फिग हेडर फाइल डिफ या फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडून पाहावी आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड व चाचणी करणाऱ्या व्यवस्थेत) आवश्यक सुविधा ‘आपोआप शोधा’ यावर न सोडता स्पष्टपणे मागाव्यात, म्हणजे त्या न सापडल्यास बिल्ड तिथेच थांबेल.

चेतावण्यांना एरर मानणारा कंपायलरचा फ्लॅग (पर्याय) रिलीजमध्ये डीफॉल्ट ठेवू नये. तो कंपायलरची एकच ठरावीक आवृत्ती वापरणाऱ्या सीआयपुरताच ठीक. सीआय इमेजचे (बिल्डसाठी वापरल्या जाणाऱ्या तयार सिस्टिमचे) ‘लेटेस्ट’ लेबलही टाळावे, कारण ती इमेज बदलली की कोडमध्ये काहीही न बदलता एके दिवशी बिल्ड तुटतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून कोडच्या वाटा फोडणे ही आणखी एक जुनी सवय आहे. मसल ही लिनक्ससाठीची लिबसी (सी भाषेची मूलभूत लायब्ररी) स्वतःची ओळख देणारा मॅक्रो (कोडमध्ये तपासता येणारे नाव) मुद्दामच देत नाही, त्यामुळे सुविधा आहे का हेच तपासावे लागते. खोल रिकर्शन करणारा (फंक्शन स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावणारा) प्रोग्राम फक्त मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर कोसळत असेल, तर थ्रेडच्या स्टॅकचा आकार आधी पाहावा: मसलमध्ये तो डीफॉल्टने १२८ केबी असतो, तर इतर बहुतेक लिनक्सवरील जीलिबसीवर सहसा ८ एमबी.

एखाद्या प्लॅटफॉर्मचा आधार काढायचा झाल्यास ते आधी एका रिलीजमध्ये जाहीर करावा, आणि नंतर सीआयचे जॉब, कोडमधील अटी व दस्तऐवजांतील उल्लेख एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) काढावेत, म्हणजे जबाबदारी घेणारे कोणी पुढे आल्यास तेवढा एक कमिट उलटवून काम सुरू करता येते.